हेडसरांचा लॅपटॉप आणि माझी जागा

शाळेत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच. एक खडूची भुकटी आणि दुसरे किस्से. भुकटी निदान नामदेवमामा संध्याकाळी सुपलीत भरून बाहेर टाकतात. किस्से मात्र कुणी भरून नेत नाही, ते माझ्याच डोक्यात पडून राहतात. शनिवारी अर्धी शाळा करून जामखेडला परतलो आणि चहाला मित्र जमले, की पहिला प्रश्न ठरलेला: "काय पाठक, लॅपटॉप काय म्हणतोय?" माझी तब्येत कुणी विचारत नाही. लॅपटॉपची विचारतात! म्हटलं एकदाचं सगळं सांगून मोकळं व्हावं.

आमची शाळा जामखेडहून खर्ड्याकडे जाताना लागते. पाचवी ते दहावी, पत्र्याचे सहा वर्ग, एक ऑफिस, आणि ऑफिसात एकुलता एक लॅपटॉप. माणसंही मोजकीच सांगतो. ढवळे सर म्हणजे आमचे हेडसर. भाऊसाहेब म्हणजे क्लार्क. शिंदे मॅडम मराठी शिकवतात. नामदेवमामा शिपाई. आणि मी पाठक, विज्ञान शिकवणारा, नोकरीत सगळ्यात शेवटी लागलेला.

आमच्याकडे रीत अशी, की जो शेवटी लागतो त्याच्या गळ्यात कॉम्प्युटर पडतो. बी.एस्सी.ला माझा विषय वनस्पतिशास्त्र होता हे मी रुजू झालो त्याच दिवशी सांगितलं होतं. हेडसर म्हणाले, "असू द्या हो, सायन्स ते सायन्स."

आता यात माझा जीव का अडकलाय ते सांगतो. दरवर्षी सगळ्या मुलांची नावं सरकारी पोर्टलवर भरावी लागतात. पोर्टल जेवढी मुलं मोजेल, त्यावर शाळेला शिक्षक किती ते ठरतं. पट कमी भरला की एक जागा जाते, आणि जागा जाते ती शेवटी लागलेल्या माणसाची. त्याला 'अतिरिक्त' म्हणतात. अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्यात कुठेही उचलून टाकतात. कोपरगावलासुद्धा! जामखेड आणि कोपरगाव ही आमच्या जिल्ह्याची दोन टोकं आहेत, आणि बायकोला जामखेडात नुकतीच कुठे नोकरी लागलेली.

म्हणजे बघा, जागा माझी, लॅपटॉप हेडसरांचा, आणि तो दर वीस मिनिटांनी हँग होणार. यापेक्षा चांगली व्यवस्था सरकारलाही सुचली नसती.

*

लॅपटॉप आला त्या दिवशी हेडसरांनी तो स्वतःच्या हाताने खोक्यातून काढला. खोक्यातून काढला, प्लास्टिकमधून नाही. स्क्रीनवर प्लास्टिक, कीबोर्डवर प्लास्टिक, आणि खाली हवा जायला जी जाळी असते ना, तिच्यावरही प्लास्टिक घट्ट चिकटवलेलं.

"नवी वस्तू आहे," हेडसर म्हणाले. "प्लास्टिक काढलं की वॉरंटी जाते."

एवढ्याने भागलं नाही. शिंदे मॅडमनी गॅदरिंगच्या जुन्या पडद्यातून त्याला मखमली कव्हर शिवून आणलं. नाडीबिडी लावून! लॅपटॉप कव्हरमध्येच ठेवायचा, फक्त झाकण वर करायचं आणि टायपिंग करायचं, असा वटहुकूम निघाला. वीस मिनिटांत तो इतका तापायचा की भाऊसाहेब थंडीत त्याच्यावर हात शेकायचे. मग स्क्रीन थिजायची, आणि शेवटी पठ्ठ्या आपोआप बंद.

मी समजावलं. "सर, आत बारका पंखा असतो. त्याला खालून हवा लागते. आपण त्याचं नाकतोंड दाबून धरलंय."

हेडसरांनी माझ्याकडे अत्यंत दयेने बघितलं. "पाठक सर, आमच्या घरचा फ्रिज अकरा वर्षं झाली, अजून प्लास्टिकमध्ये आहे. कधी बंद पडला?"

आठवडाभर बोलणी चालली. शेवटी तडजोड झाली. खालचं प्लास्टिक काढायचं, वरचं राहू द्यायचं, आणि मखमली कव्हर फक्त झेंडावंदनाला. निघालेलं प्लास्टिक मी टोपलीत टाकायला गेलो तर भाऊसाहेबांनी मनगट धरलं. शाळेची वस्तू अशी टाकता येते होय? त्यांनी ते घडी करून कपाटात ठेवलं आणि जडवस्तू नोंदवहीत लिहिलं, 'प्लास्टिक, पारदर्शक, नग एक.'

*

प्लास्टिक गेलं तरी हँग होणं थांबेना. बघतो तर लॅपटॉपमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही. अख्खी डिस्क लाल.

आमच्या भाऊसाहेबांची सगळी नोकरी कागदावर झाली. कुठलंही पत्र निघालं की त्याच्या तीन प्रती काढायच्या. एक वर पाठवायची, एक स्थळप्रत म्हणून आपल्याकडे ठेवायची, आणि एक 'कुणी मागितली तर'. लॅपटॉप आला म्हणून काय नियम बदलतो? त्यांनी प्रत्येक फाईल तीन-तीनदा सेव्ह केली होती. सहलीचे फोटो तीनदा. पंधरा ऑगस्टच्या भाषणाचा व्हिडिओ तीनदा, आणि ते भाषण एकदासुद्धा ऐकवत नाही हो!

"भाऊसाहेब, हे दोन-दोन संच उडवून टाकू."

भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. "उडवून? सर, ते शासकीय दप्तर आहे. दप्तर असं उडवता येत नाही. त्याचं निर्लेखन करावं लागतं. आधी समिती नेमायची, समितीने पाहणी करायची, ठराव करायचा, मग नष्ट."

मला वाटलं चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी टेबलावर आदेश. अनावश्यक फाईल निर्लेखन समिती, अध्यक्ष ढवळे सर, सचिव भाऊसाहेब, सदस्य पाठक! समितीच्या दोन बैठका झाल्या. भजी छान होती. भाषणाचा व्हिडिओ अनावश्यक आहे का यावर मतदान घ्यायची वेळ आली, कारण भाषण अध्यक्षांचंच होतं. ते राहिलं. शेवटी बाकी काही फाईली नष्ट करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

मग भाऊसाहेबांनी दोन्ही बैठकांचं इतिवृत्त टाईप केलं, खाली स्कॅन केलेल्या सह्या लावल्या, समितीचे फोटो जोडले, आणि सगळं लॅपटॉपवर सेव्ह केलं. तीन प्रतींत.

*

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगराची करतो, सुतार रंध्याची करतो. शाळेचं हत्यार कुठलं यावर पूर्वी आमच्याकडे वाद नव्हता. खडू, डस्टर, घंटा आणि आठवीच्या वर्गापुरती एक छडी. लॅपटॉप आला आणि बिचाऱ्या घंटेचा मान गेला.

हेडसरांनी लॅपटॉपला चौरंगावर बसवलं. उघडून! हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं फूल. मी म्हणालो, "सर, झाकण बंद करून पूजा केली तर?" शिंदे मॅडम म्हणाल्या, "देवाचं तोंड झाकून कुणी पूजा करतं का?"

दसरा झाला आणि लॅपटॉपच्या पोटातून खर्र खर्र आवाज यायला लागला. आता तो वीसऐवजी आठ मिनिटांत बंद पडायचा. शेवटी मी तो मांडीवर घेऊन एसटीने नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीत बसलेला माणूस अजून नगरच म्हणतो. केडगावला शकीलभाईंचं दुकान आहे. माणूस हाताचा कसबी आणि जिभेचा त्याहून.

शकीलभाईंनी मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि नुसतेच बघत राहिले. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळाधम्मक थर. मध्ये कुंकवाची लाल रेघ. एका कोपऱ्यात झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या. त्यांनी चिमट्याने एक तांदळाचा दाणा काढला आणि उजेडात धरला.

"सर, लॅपटॉप हाय का देव्हारा?"

त्यांनी ब्रशने सगळं झाडलं, हळद-कुंकू एका कागदावर गोळा केलं आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली. म्हणाले, "टाकू नका. अंगारा म्हणून चालंल."

लॅपटॉप महिनाभर सुतासारखा सरळ चालला. पुढच्या खंडेनवमीला मी आधीच आडवा पडलो, पूजा करायची तर खोक्याची करा! हेडसरांनी नाइलाजाने खोक्याची केली. चार दिवसांनी पत्र्यावरचं ऊन वाढलं आणि लॅपटॉप पुन्हा थिजला. हेडसर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा पूजा मनापासून झाली नाही ना."

*

यावर सरळ उपाय म्हणजे तालुक्याला लेखी तक्रार करायची आणि दुसरा लॅपटॉप मागायचा. मी तक्रार लिहून तयार केली. हेडसर सही करेनात. म्हणाले, "करता येणार नाही. शेरेबुक बघा."

शेरेबुक म्हणजे तपासणीला आलेले साहेब ज्यात शेरा लिहून जातात ती वही. झालं होतं असं, की मागे एक साहेब तपासणीला आले होते. त्या दिवशी लॅपटॉप सकाळपासून मेलेला. हेडसरांनी डोकं चालवलं. मखमली कव्हर बाहेर आलं, नाडीला फूल बांधलं गेलं, आणि लॅपटॉप बंद अवस्थेत टेबलाच्या मधोमध विराजमान झाला. साहेबांनी विचारलं, "चालतो ना?"

आम्ही चौघांनी एका सुरात सांगितलं, "हो सर!" त्यात मीही होतो. खोटं कशाला बोलू?

साहेबांनी जेवण केलं, बासुंदी दोनदा घेतली, आणि शेरा लिहिला: 'शाळेतील लॅपटॉप सुस्थितीत असून नियमित वापरात आहे.'

"आता हे साहेबांच्या हस्ताक्षरात आहे," हेडसर मला म्हणाले. "आपण लॅपटॉप बिघडलाय असं कळवलं तर त्याचा अर्थ काय होतो? साहेब खोटं लिहून गेले!"

"मग आता?"

"आता तो चालतो, पाठक सर. तुम्ही फक्त त्याला चालवा."

*

शिंदे मॅडमचं निदान सगळ्यांहून वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, बिघाड लॅपटॉपमध्ये नसून माझ्या जिभेत आहे.

"तुम्ही फार टोचून बोलता हो त्याला. काल म्हणालात, मेल्या परत झोपलास का! शब्दांचा परिणाम होतो. झाडांवरसुद्धा होतो. तुम्ही तर वनस्पतीवालेच."

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही करून दाखवा. मॅडम बसल्या. पदर सावरला, स्क्रीनवरून हळुवार हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल रे राजा, दमलास का? एवढं सातवीचं भरून घेऊ हं, मग झोप." देवाशप्पथ सांगतो, त्या लॅपटॉपने सातवीचा अख्खा वर्ग एका दमात भरून दिला! मी नंतर पाहिलं, त्या दिवशी बाहेर ढगाळ होतं आणि खिडकीतून गार वारा सुटला होता. पण हे सांगून ऐकतंय कोण?

दुसऱ्या दिवशी सूचनावहीत सूचना फिरली. 'ऑफिसमध्ये लॅपटॉपसमोर कोणीही अपशब्द काढू नयेत.' खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या, पण नाव एकट्या माझंच लिहिलेलं.

*

आता नामदेवमामांचा किस्सा. मामा सातवी पास आहेत आणि हे ते स्वतःच दर दोन वाक्यांनी सांगतात. यंदा पावसाने ओढ दिली होती. ऑफिसवर पत्रा, खाली आम्ही, आणि पोर्टलची शेवटची तारीख चारच दिवसांवर. दहा नावं भरली की लॅपटॉप थिजायचा. मी त्याच्याखाली पट्ट्या लावून बघितल्या, टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावून बघितला. फॅनने कागद तेवढे उडाले.

खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. घरी बायको रोज विचारायची, "भरलं का?" आणि मी रोज सांगायचो, "भरतंय." मग ती डबा भरायला वळायची.

मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "सर, म्या बोलू का? सातवी पास हाय म्या, पर बोलतो. ह्येला ताप आलाय. तापाच्या मानसाला काय करत्यात? गार पान्याची पट्टी ठिवत्यात."

"मामा, पाणी लागलं तर मरेल तो."

"पानी न्हाई वो लागू द्यायचं. तुमी बगा तर."

ऑफिसच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा माठ आहे. मामांनी त्याच्यावरचं लाकडी झाकण काढलं, तिथे स्टीलची मोठी परात पालथी घातली, परातीवर कोरडं फडकं पसरलं, आणि त्या फडक्यावर लॅपटॉप बसवला. परात माठाच्या गारव्याने थंडगार. मी उभा राहून टायपिंग सुरू केलं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. चाळीस मिनिटं झाली तरी लॅपटॉप हूं की चूं नाही! माझं बी.एस्सी., शकीलभाईंचा ब्रश, मॅडमचं राजा-राजा, सगळं एका माठापुढे फिकं पडलं.

तेवढ्यात एक पालक दाखला न्यायला आले. उन्हातून आलेले, घशाला कोरड पडलेली. म्हणाले, "मामा, जरा पानी पाजा की."

मामांनी माठाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना खुर्ची दिली. "बसा पावनं. नववी भरून झाली की देतो."

*

शेवटचा किस्सा त्याच चार दिवसांतल्या चौथ्या दिवसाचा. हा मी मित्रांना अजून सांगितलेला नाही.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता, हवा गार होती. पाचवीचा वर्ग तेवढा राहिला होता. पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार. मी दुपारी दोनला टेबलापाशी बसलो. हेडसर माझ्या उजव्या बाजूला, भाऊसाहेब डावीकडे, शिंदे मॅडम मागे, मामा दारात.

आणि लॅपटॉप चालायला लागला! हँग नाही, तापणं नाही, खर्र खर्र नाही. इकडे नाव टाकलं की तिकडे सेव्ह. इतका शहाण्यासारखा तो जन्मात कधी वागला नव्हता. मलाच भीती वाटायला लागली. साडेतीनला शेवटचं नाव भरलं आणि मी 'एकूण पट' वर क्लिक केलं. गेले तीन दिवस याच्या आधीच कुठेतरी गाडी अडकायची, त्यामुळे यंदाचा आकडा आम्ही पाहिलाच नव्हता. आमच्या हजेरीवर मुलं पुरेशी होती. पण पोर्टल हजेरी मानत नाही. दुसऱ्या शाळेत ज्याचं नाव लागलंय त्याला ते परस्पर वगळतं, आणि शेवटची बेरीज तेवढी दाखवतं.

बेरीज आली. पट एकाने कमी.

भाऊसाहेबांनी शोधून काढलं. पाचवीतल्या एका मुलाच्या आईबापाला कोपरगावकडे कारखान्यावर काम लागलं होतं. पोरगा तिकडेच गेला, त्याचं नाव तिकडच्या शाळेत लागलं. हजेरीत आम्ही त्याला उगाच धरून बसलो होतो.

एका पोरापायी माझी जागा जात होती. बायकोची नोकरी, जामखेडातलं भाड्याचं घर, दोन वर्षांत कशीबशी बसलेली घडी, सगळं डोळ्यापुढून गेलं. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतके दिवस मी ज्यांची टिंगल केली ती सगळी माणसं त्या क्षणी खरोखर माझ्यासाठी हळहळत होती, आणि ते मला फार लागलं.

हेडसरांनी घड्याळ बघितलं. "दीड तास आहे. पाचवीचं एक मूल हवं. दुसऱ्या शाळेत असलं तरी चालेल. बापाने इथे येऊन अर्जावर सही केली की नाव आजच्या आज इकडे ओढता येतं. पाठक सर, तुम्ही या कामात पटाईत. सांगा, गावात कुणाला गाठायचं?"

पटाईत म्हणजे काय ते सांगतो. दर जूनमध्ये पट जमवायला आम्ही गावात घरोघर फिरतो. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, आणि लोकांना सांगायचं की इंग्रजी शाळेचा नाद सोडा, मूल आमच्याकडे घाला. भाषणाचं काम माझ्याकडे असतं. "लेकरू आईच्या भाषेत शिकतं तसं परक्या भाषेत शिकत नाही. टाय लावून पोपट तयार होतात, माणसं नाही!" हे मी इतकं कळवळून सांगतो की यंदा दोन घरांनी खरंच आपली पोरं इंग्रजी शाळेतून काढून आमच्याकडे आणली.

मी डोकं खाजवत एकेक घर आठवायला लागलो. मॅडमही आठवत होत्या. भाऊसाहेबांनी कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला होता, पेनाचं टोपण उघडलं होतं.

दारातून मामा म्हणाले, "सर, तुमची छकुली कितवीला हाय वो?"

"पाचवीला," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"मंग लई झ्याक झालं की! कुनाच्या दारात जायला नको. बाप हितंच हाय, सही बी हितंच हुईल."

भाऊसाहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "विद्यार्थिनीचं संपूर्ण नाव सांगा, सर. आणि सध्याची शाळा."

सध्याची शाळा त्यांना ठाऊक होती. सगळ्यांनाच ठाऊक होती. रोज सकाळी मी जामखेडात तिच्या टायची गाठ सारखी करतो, तिला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढवतो, आणि मगच इकडे यायला निघतो. मामा कधी कधी त्याच चौकातून माझ्या गाडीवर मागे बसून येतात.

हेडसर माझ्याकडे बघत होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. लॅपटॉपवर 'नवीन विद्यार्थी' हा रकाना उघडा होता आणि त्यात कर्सर लुकलुकत होता. एवढा सुरेख चालत होता तो त्या दिवशी!

मी त्याच्या पॉवरच्या बटणावर बोट ठेवलं, दाबून धरलं आणि मनात पाचपर्यंत मोजलं. स्क्रीन काळी झाली.

"बघा सर," मी म्हणालो, "परत हँग झाला!"